‘वगैरे’ ह्या शब्दातले युद्ध

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी जाकार्तातल्या पेगांग्सान तिमुर मार्गावरील ५६ क्रमांकाच्या घरापुढे सुकार्नोंनी जो कागद वाचून दाखवला, त्यावर दोनच वाक्ये होती. पहिले वाक्य इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर करते. दुसरे सांगते, की सत्तांतर आणि इतर बाबी काळजीपूर्वक आणि शक्य तितक्या कमी वेळात पार पाडल्या जातील. ह्या ‘इतर बाबीं’साठी मूळ मजकुरात शब्ददेखील खर्चलेला नाही. तिथे नुसता संक्षेप आहे, ‘द. ल. ल.’, म्हणजे ‘दान लाइन-लाइन’. आपल्या भाषेत ‘वगैरे’. अमेरिकेच्या घोषणेत राजाच्या अपराधांची लांबलचक यादी आहे. इथे साडेतीनशे वर्षांच्या डच संबंधांचा, जपानच्या साडेतीन वर्षांच्या ताब्याचा आणि पुढे येऊ घातलेल्या सगळ्या संकटांचा हिशेब एका ‘वगैरे’त आटोपला आहे. हा मजकूर आदल्या रात्री एका जपानी नौदल अधिकाऱ्याच्या घरी घाईघाईने ठरला. खाडाखोड असलेला हस्तलिखित कच्चा मसुदा टाकून देण्यात आला होता, ब. म. दियाह ह्या तरुण पत्रकाराने तो उचलून ठेवला, म्हणून आज तो पाहता येतो. त्यावरच्या तारखेत वर्ष ‘०५’ असे आहे. जपानी शकाप्रमाणे ते २६०५ साल होते. स्वतंत्र देशाचा पहिला दस्तऐवज परक्याच्या पंचांगातला निघाला.

साहित्याच्या अभ्यासकाने ह्या कागदाकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते. त्यातल्या ‘वगैरे’चा अर्थ लावण्यात पुढची चार वर्षे आणि चार महिने गेले, लाखाच्या आसपास इंडोनेशियन माणसे गेली, आणि ‘युद्ध’ हा साधा शब्द त्या घटनेला लावायचा की नाही ह्यावर नेदरलँड्समध्ये सत्तर वर्षांहून अधिक काळ वाद चालला. ह्या लढ्याचा राजनैतिक इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. मला इथे त्यातल्या शब्दांचा माग काढायचा आहे. तो काढताना एका शहरात आपल्याला मराठी बोलणारी माणसे भेटतात, आणि ती भेट सुखाची नाही.

आधी त्या लढ्याच्या घोषणेविषयी. ‘मर्देका’ म्हणजे स्वतंत्र. १९४५ मध्ये रस्त्यात भेटलेला माणूस नमस्काराच्या जागी हाच शब्द उच्चारी. ह्या शब्दाचे मूळ संस्कृत ‘महर्द्धिक’, मोठ्या ऋद्धीचा, समृद्ध. जुन्या जावानी भाषेत त्याला करमुक्त, पूज्य पुरुष असा अर्थ चिकटला, तिथून ‘बंधनमुक्त’. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, मुक्त केलेल्या गुलामांच्या वस्तीला ह्याच शब्दावरून ‘मार्डाइकर’ म्हणत. हे गुलाम बहुतांशी भारताच्या किनाऱ्यावरून नेलेले, मोडकी पोर्तुगीज बोलणारे ख्रिस्ती होते. ऐश्वर्यवंतापासून सुटलेल्या दासापर्यंत आणि तिथून स्वतंत्र नागरिकापर्यंत असा ह्या शब्दाचा प्रवास आहे.

घोषणा झाली तेव्हा तिची अंमलबजावणी करायला सैन्य नव्हते आणि अडवायला डचही नव्हते. जपानने १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केली होती, पण त्याचे सैनिक अजून बेटांवर होते. डच अधिकारी एक तर छावण्यांत कैदेत होते, नाही तर ऑस्ट्रेलियात. नेदरलँड्स नुकताच जर्मनीच्या टाचेखालून सुटला होता आणि तिथल्या पुढाऱ्यांना ह्यातली विसंगती दिसत नव्हती: स्वतः पाच वर्षे परकी सत्ता भोगलेला देश दुसऱ्यावरची आपली सत्ता परत घ्यायला निघाला होता. जपान्यांना निःशस्त्र करणे आणि दोस्तांच्या कैद्यांना सोडवणे हे काम माउंटबॅटन ह्यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे आले. त्या कमांडजवळ जावामध्ये उतरवायला जे सैन्य होते, ते बव्हंशी हिंदी होते.

सुराबाया हे पूर्व जावाचे बंदर. १९ सप्टेंबर १९४५ रोजी तिथल्या यामातो हॉटेलवर, जे आधी ओरान्ये हॉटेल होते, काही डच मंडळींनी आपला ध्वज उभारला. लाल, पांढरा, निळा. जमाव गोळा झाला, झटापट झाली, एक डच पुढारी मारला गेला, आणि काही तरुण वर चढले. त्यांनी ध्वज उतरवून खालचा निळा पट्टा फाडला आणि उरलेला कापडाचा तुकडा पुन्हा वर चढवला. तो आता इंडोनेशियाचा ध्वज होता. चिन्हमीमांसा शिकवणाऱ्याला ह्याहून चोख उदाहरण मिळणार नाही; वजाबाकीने झालेले राष्ट्रचिन्ह.

२५ ऑक्टोबरला ४९वी हिंदी पायदळ ब्रिगेड सुराबायात उतरली. तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठ्यांच्या होत्या: पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी आणि सहावी पलटण. तिसरी राजपुताना रायफल्सची. बेळगावचे केंद्र असलेल्या ह्या रेजिमेंटची भरती कोकण, सातारा, कोल्हापूर अशा पट्ट्यातून होई. चौथी पलटण दीड वर्षापूर्वी, मार्च १९४४ मध्ये, मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला जपान्यांशी लढली होती. इंफाळच्या मोहिमेतून आलेल्या ह्या माणसांना युद्ध संपल्याचे सांगण्यात आले होते आणि आता ती घरी जायची वाट पाहत असणार. त्यांना एका अनोळखी शहरात लहान लहान तुकड्यांनी पेट्रोलचे साठे, टेलिफोन कचेरी, छावण्या अशा जागी विखरून ठेवण्यात आले.

त्यानंतर जे घडले त्याला एक कागद कारण झाला. ब्रिगेडियर मॅलबी ह्यांनी स्थानिक पुढाऱ्यांशी बोलून शस्त्रांबाबत समझोता केला होता. २७ ऑक्टोबरला जाकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली: अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रे खाली ठेवा, नाही तर गोळी घालू. मॅलबींना ह्याची पूर्वकल्पना नव्हती असे बहुतेक इतिहासकार मानतात. पण वरून पडलेला छापील कागद आणि समोर बसून दिलेला शब्द ह्यांत लोकांनी कागदच खरा धरला. २८ तारखेला हजारो लोक, काही जपान्यांकडून मिळालेल्या बंदुका घेऊन तर काही टोक काढलेले बांबू घेऊन, विखुरलेल्या चौक्यांवर तुटून पडले. दोन दिवसांत ब्रिगेड नष्ट होण्याच्या बेतास आली. शेकडो जवान मारले गेले किंवा बेपत्ता झाले. इंग्रजांनीच विनंती करून सुकार्नोंना विमानाने बोलावले आणि त्यांनी युद्धबंदी घडवली. ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी लाल पुलाजवळच्या इंटरनाशियो इमारतीपुढे मॅलबी मारले गेले. इमारतीत वेढलेली तुकडी मराठ्यांची होती. गोळी प्रथम कोणी झाडली ह्यावर आजही एकमत नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक असलेले. ९ नोव्हेंबरचा निर्वाणीचा खलिता, १० नोव्हेंबरला सकाळी पाचव्या हिंदी डिव्हिजनचा हल्ला, रणगाडे, विमाने, नौदलाच्या तोफा, रेडिओवरून बुंग तोमो ह्यांचा पेटलेला आवाज, घराघरातून जवळजवळ तीन आठवडे चाललेली लढाई. मृतांचे आकडे सहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत दिले जातात. इंडोनेशिया १० नोव्हेंबर हा ‘वीर दिन’ म्हणून पाळतो. म्हणजे त्या देशाच्या वीरगाथेतला पहिला मोठा अध्याय ज्या शत्रूविरुद्ध लिहिला गेला, तो डच नव्हताच. आणि त्या शत्रूच्या गणवेशात जे बहुसंख्य होते ते इंग्रजही नव्हते.

ही अडचण त्या वेळीही लोकांना जाणवली होती. नेहरूंनी आणि काँग्रेसने हिंदी सैन्य जावात वापरण्याचा जाहीर निषेध केला. हिंदी सैनिकांना उद्देशून इंडोनेशियन आवाहने निघत, आणि काही शेकडा जवान, त्यांत मुस्लिम जास्त, पलटणी सोडून प्रजासत्ताकाला मिळाले. लष्कराच्या प्रसिद्धी विभागात कॅप्टन म्हणून आलेले पी. आर. एस. मणी लष्कर सोडून मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’चे वार्ताहर झाले आणि जावातूनच बातम्या पाठवू लागले. सिडनीत गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला तेव्हा हिंदी खलाशीही काम टाकून उतरले. यॉरिस आयव्हन्सचा ‘इंडोनेशिया कॉलिंग’ (१९४६) हा लघुपट त्यातूनच निघाला. आणि १९४६ मध्ये, भारतात अन्नाचा तुटवडा असताना, पंतप्रधान शाहरीर ह्यांनी पाच लाख टन भात देऊ केला. स्वतःची सीमा न ठरलेल्या प्रजासत्ताकाने स्वतःचे सरकार नसलेल्या देशाला देऊ केलेली ही मदत होती, आणि त्यात मुरब्बी राजकारणही होते: डच नाकेबंदी धान्याच्या जहाजांनी फोडायची.

मराठी कथा-कादंबरीने मात्र सुराबायातल्या आपल्या माणसांकडे फारसे पाहिलेले नाही. पलटणीचे इतिहास आहेत, पदकांच्या याद्या आहेत. १९४५च्या ऑक्टोबरात, महाराष्ट्रात स्वातंत्र्य तोंडाशी आले असताना, दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बंदूक रोखून उभा राहिलेला आणि त्यात मेलेला शेतकऱ्याचा मुलगा आपल्या वाङ्मयात कुठे आहे? इंडोनेशियन वाङ्मयात तो आहे, पण ‘गुरखा’ ह्या सरसकट नावाने. तिथल्या सामान्य माणसाच्या लेखी कुठलाही हिंदी शिपाई बहुधा गुरखाच होता. ज्याला आपण नाव दिले नाही त्याला दुसऱ्याने चुकीचे नाव दिले तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

इंडोनेशियन लेखकांनी मात्र ह्या लढाईची पूजा बांधण्याची घाई केली नाही, हे मला विशेष वाटते. इद्रुस ह्यांची ‘सुराबाया’ ही दीर्घकथा लढाईचा धूर विरण्याच्या आत आली. तीत कंबरेला पिस्तुले लटकावून मिरवणारे क्रांतिकारक सिनेमातल्या काउबॉयसारखे दिसतात, आणि शहर सोडून पळणाऱ्या निर्वासितांची उपासमार, संशय, हेवेदावे ह्यांनाच जास्त जागा मिळते. इद्रुस ह्यांच्यावर क्रांतीची टवाळी केल्याचा आरोप झाला. प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम वर्ष-दोन वर्षांचे होते.

१९४६च्या नोव्हेंबरअखेर इंग्रज गेले आणि खरे दोन पक्ष समोरासमोर आले. त्याच महिन्यात लिंगाजाती ह्या थंड हवेच्या गावी करार झाला. त्यात डचांनी जावा, मादुरा आणि सुमात्रावर प्रजासत्ताकाची प्रत्यक्ष सत्ता मान्य केली आणि पुढे एक संघराज्य स्थापून ते डच राजमुकुटाशी जोडायचे ठरले. पण करार हेगला पोचल्यावर डच संसदेने त्याला आपले खुलासे, अटी आणि अर्थ जोडले. ह्या प्रकाराला डच राजकारणात मोठा बोलका शब्द पडला: ‘कपडे चढवलेला’ लिंगाजाती. इंडोनेशियनांनी सही केली ती ‘उघड्या’ करारावर, डचांनी केली ती कपडे चढवलेल्या करारावर, आणि मार्च १९४७ मध्ये दोघांनी एकाच मेजावर बसून एकाच कागदावर केली. भाष्य मूळ संहितेला गिळून टाकते हे आपण टीकाकारांविषयी नेहमी म्हणतो. इथे त्या भाष्याच्या मागे लाखाहून अधिक सैनिकांची फौज नेदरलँड्सहून येत होती.

२१ जुलै १९४७ रोजी ती फौज चालून आली. डच सरकारने ह्या मोहिमेला नाव दिले ‘पोलीस कारवाई’. नावात कायदेशीर हेतू होता. युद्ध दोन राष्ट्रांत होते आणि त्याची चौकशी संयुक्त राष्ट्रसंघ करू शकतो. पोलीस कारवाई घरातली बाब. गुप्त लष्करी नाव मात्र अधिक प्रामाणिक होते: ‘ऑपरेशन प्रॉडक्ट’. मळे, साखर कारखाने, तेल, म्हणजे ज्यातून गिल्डर निघतात ते प्रदेश आधी ताब्यात घ्यायचे होते. इंडोनेशियन भाषेत ह्याच घटनेला ‘लष्करी आक्रमण’ म्हणतात. ३० जुलैला भारताने आणि ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला. भारत स्वतंत्र व्हायला तेव्हा सोळा दिवस उरले होते. त्याच सुमारास ओडिशाचे बिजू पटनायक ह्यांनी आपले डाकोटा विमान नेऊन शाहरीर ह्यांना जावातून बाहेर काढले, आणि २९ जुलैला औषधे घेऊन योग्यकार्ताला उतरू पाहणारे त्यांच्या कंपनीचे दुसरे विमान डचांनी पाडले.

इथे मराठी वाचकाच्या, विशेषतः मराठवाड्यातल्या वाचकाच्या, मनात एक खटका उडाला असेल. ‘पोलीस ॲक्शन’ हा आपल्याकडे घरगुती शब्द आहे. जुनी माणसे आपला जन्म ‘ॲक्शन’च्या आधीचा की नंतरचा असे सांगत. डचांच्या पहिल्या ‘पोलीस कारवाई’नंतर चौदा महिन्यांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले तेव्हा दिल्लीने त्या मोहिमेला हेच नाव दिले, आणि त्यामागचा तर्कही तोच होता: हा अंतर्गत प्रश्न आहे, सुरक्षा परिषदेचा नव्हे. दोन्ही घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. निजामाच्या राज्यातल्या बहुसंख्य जनतेला भारतात यायचे होते आणि रझाकारांचा जाच हा खरा होता. जावाच्या जनतेला डच नको होते. पण शब्दाचे काम दोन्हीकडे सारखे झाले. त्याने कारवाईनंतरच्या हिंसेकडे पाहण्याची वाट बंद केली. सुंदरलाल समितीचा अहवाल दशकानुदशके प्रसिद्ध झाला नाही हे विसरून आपण डचांच्या शब्दच्छलावर हसलो तर ते हसू अर्धेच ठरेल.

पुढची दोन वर्षे मी भराभर ओलांडतो. जानेवारी १९४८ मध्ये अमेरिकी युद्धनौका ‘रेनव्हिल’वर दुसरा करार झाला आणि जावात प्रजासत्ताक मुख्यतः मध्यभागातल्या एका चिंचोळ्या तुकड्यात कोंडले गेले. सप्टेंबरात मादियुन इथे साम्यवाद्यांनी उठाव केला. प्रजासत्ताकाच्या सैन्याने तो मोडला आणि एके काळचे आपलेच पंतप्रधान आमिर शरिफुद्दीन ह्यांना डिसेंबरात गोळ्या घातल्या. तान मलाका ह्यांनाही फेब्रुवारी १९४९ मध्ये स्वकीय सैनिकांनीच मारले. प्रजासत्ताकाच्या गौरवग्रंथांत ही प्रकरणे ओझरती येतात. १९ डिसेंबर १९४८ला डचांनी दुसरी ‘पोलीस कारवाई’ करून राजधानी योग्यकार्ता घेतली. सुकार्नो, हत्ता, शाहरीर कैद झाले. सुमात्रात शाफ्रुद्दीन प्राविरानगारा ह्यांनी हंगामी सरकार चालवले. सेनापती सुदिरमान बत्तीस वर्षांचे, क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेले. ते डोलीत बसून डोंगरात गेले आणि तिथून त्यांनी सात महिने गनिमी कावा चालवला. स्वातंत्र्य मिळाल्यावर महिन्याभरात ते वारले. १ मार्च १९४९ला गनिमांनी योग्यकार्ता शहर सहा तास ताब्यात ठेवले, म्हणजे प्रजासत्ताक जिवंत आहे हे जगाला कळावे. सुहार्तोंच्या राजवटीत ह्या सहा तासांवर ‘जानुर कुनिंग’ (१९७९) हा चित्रपट निघाला आणि त्यात सगळे श्रेय तेव्हा लेफ्टनंट कर्नल असलेल्या सुहार्तोंना मिळाले. २०२२ मध्ये सरकारने हा दिवस राष्ट्रीय म्हणून जाहीर केला तेव्हा आदेशात सुहार्तोंचे नावच नव्हते. दोन्हीही इतिहास नव्हेत.

शेवटी बाजू फिरली ती रणांगणापेक्षा बाहेरून. दिल्लीत जानेवारी १९४९मध्ये नेहरूंनी इंडोनेशियासाठी परिषद बोलावली, भारताने के.एल.एम.च्या विमानांना आपले आकाश बंद केले, सुरक्षा परिषदेने ठराव केला आणि अमेरिकेने मार्शल मदतीचा दोर हातात असल्याची जाणीव हेगला करून दिली. गोलमेज परिषदेनंतर २७ डिसेंबर १९४९ला सार्वभौमत्व ‘हस्तांतरित’ झाले. किंमत म्हणून नव्या राष्ट्राने ४.३ अब्ज गिल्डरचे वासाहतिक कर्ज अंगावर घेतले. पश्चिम न्यू गिनी डचांकडेच राहिले. डच सरकार ‘हस्तांतर’ म्हणते, इंडोनेशिया ‘मान्यता’ म्हणतो. हस्तांतर म्हणजे स्वातंत्र्य १९४९मध्ये जन्मले. मान्यता म्हणजे ते १९४५पासून होतेच. ‘वगैरे’ची सारी लढाई ह्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत बसते.

प्रमुद्या अनंता तूर ह्यांना डचांनी जुलै १९४७मध्ये पकडले आणि डिसेंबर १९४९पर्यंत जाकार्ताच्या बुकित दुरी तुरुंगात ठेवले. ‘परबुरुआन’ आणि ‘कलुआर्गा गरिल्या’ ह्या त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या त्या कैदेतल्या. पहिलीत जपान्यांविरुद्ध फसलेल्या बंडातला तरुण शरणागतीच्या दिवशीच आपल्या गावी पोचतो. दुसरीत गनिमी युद्धात एक कुटुंब आतून फाटत जाते, मुलगा बापाला मारतो. स्वातंत्र्य मिळवून देणारे युद्ध इतक्या जवळून, इतक्या कमी जयघोषात लिहिणारा हा लेखक पुढे त्याच स्वतंत्र देशाने बुरू बेटावर दहा वर्षे ठेवला. खैरिल अनवार ह्यांनी तर सव्विसाव्या वर्षी, एप्रिल १९४९मध्ये, हस्तांतराच्या आठ महिने आधी जग सोडले. ‘क्रावांग-बकासी’ ह्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत पश्चिम जावाच्या मैदानात पडलेले तरुण मृत बोलतात आणि आपल्या मरणाला अर्थ द्यायचे काम जिवंतांवर सोपवतात. इंडोनेशियातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ती माहीत असते. ती आर्चिबाल्ड मॅकलीश ह्या अमेरिकी कवीच्या कवितेवर बेतलेली आहे हे लवकरच उघडकीस आले आणि वाङ्मयचौर्याचा मोठा गदारोळ उठला. माझ्या मते हा वाद चुकीच्या ठिकाणी रेंगाळला. मृतांना बोलते करण्याची युक्ती उसनी आहे. क्रावांगमधले मृत उसने नव्हते.

त्याच करावांग परिसरात रावागेदे हे खेडे आहे. ९ डिसेंबर १९४७ रोजी एका इंडोनेशियन कप्तानाच्या शोधात आलेल्या डच तुकडीने तिथल्या पुरुषांना रांगेत उभे करून मारले. गावाच्या स्मारकाप्रमाणे संख्या ४३१. त्या वेळचा डच अहवाल १५० म्हणतो. दक्षिण सुलावेसीत कॅप्टन वेस्टरलिंग ह्यांच्या पथकाने ह्याआधीच हेच केले होते. तिथला चाळीस हजारांचा इंडोनेशियन आकडा प्रतीकात्मक आहे, संशोधकांच्या हिशेबात तो काही हजारांचा, आणि काही हजार म्हणजे थोडे नव्हेत. १९६९मध्ये यूप ह्युटिंग ह्या माजी सैनिकाने दूरचित्रवाणीवर आपण पाहिलेल्या अत्याचारांविषयी सांगितले तेव्हा त्याला धमक्या आल्या. सरकारने घाईने टिपण काढले आणि त्यात एक शब्द रूढ केला: ‘अतिरेक’. नियम पाळणाऱ्या सैन्यात क्वचित झालेली चूक, असा त्याचा भाव. १९८७मध्ये लू द योंग ह्या अधिकृत इतिहासकाराने आपल्या खंडाच्या कच्च्या मसुद्यात ‘युद्धगुन्हे’ असा शब्द वापरला. माजी सैनिकांनी गहजब केल्यावर छापील ग्रंथात पुन्हा ‘अतिरेक’ आला. कादंबरीकार ग्रा बूम्स्मा ह्यांनी एका मुलाखतीत डच सैनिकांची तुलना एस.एस.शी केली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. ते सुटले, पण एका वाक्यासाठी लेखक कोर्टात उभा राहिला तो ह्या युद्धापायी.

२०२२मध्ये डच संस्थांच्या मोठ्या संशोधनाचा निष्कर्ष आला, की अतिटोकाची हिंसा अपवाद नव्हती, पद्धतशीर होती आणि वरिष्ठांनी ती चालू दिली. पंतप्रधान रुट्टे ह्यांनी माफी मागितली. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये ह्या क्रांतीवर प्रदर्शन भरायचे होते आणि त्याचे इंडोनेशियन सहसंयोजक बोनी त्रियाना ह्यांनी लिहिले, की ‘बर्सियाप’ हा शब्द वापरू नये. ‘बर्सियाप’ म्हणजे ‘तयार व्हा’. १९४५च्या अखेरीस डच, मिश्रवंशी, चिनी, मोलुक्की लोकांवर इंडोनेशियन टोळ्यांनी जे हल्ले केले त्या काळाला डच हे नाव देतात. बोनी ह्यांचे म्हणणे, ह्या शब्दात इंडोनेशियन माणूस जन्मजात रानटी असल्याचे चित्र दडले आहे. ज्यांचे आजी-आजोबा त्यात मेले त्यांना वाटले, आपल्या मृतांचे नाव पुसले जात आहे. पोलिसांत तक्रारी गेल्या, दोन्ही बाजूंनी. शब्द काढावा की नाही ह्यावर माझे मत बोनींच्या विरुद्ध आहे. शब्द चुकीचा असेल तर शेजारी त्याचा इतिहास लिहावा. काढून टाकलेला शब्द घरांत कुजबुजत राहतो, आणि ‘अतिरेक’ ह्या शब्दाने ते काम किती वर्षे केले ते आपण पाहिले.

रावागेदेच्या विधवांनी नेदरलँड्सवर दावा केला. सरकारचा बचाव मुदतीचा होता: फार वर्षे झाली. १४ सप्टेंबर २०११ला हेगच्या न्यायालयाने विधवांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या निकालातला एक आधार पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९४७मध्ये तो प्रदेश कायद्याने नेदरलँड्सच्या राज्याचा भाग होता. म्हणून राज्याने आपल्याच प्रजाजनांना खटल्याविना मारले, आणि म्हणून ते उत्तरदायी ठरते. स्वतंत्र होण्यासाठी मेलेल्या माणसांच्या बायकांना न्याय मिळाला तो ती माणसे स्वतंत्र नव्हती असे धरून. प्रत्येकीला वीस हजार युरो मिळाले, आणि त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरला डच राजदूताने गावात येऊन माफी मागितली.

१४ जून २०२३ रोजी रुट्टे ह्यांनी संसदेत सांगितले, की नेदरलँड्स १७ ऑगस्ट १९४५ हा इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन पूर्णपणे आणि बिनशर्त मानतो. नंतर सरकारकडून खुलासा आला, की ह्या विधानाचे कायदेशीर परिणाम नाहीत; कायद्याच्या दृष्टीने तारीख २७ डिसेंबर १९४९च राहील. म्हणजे ह्याही कराराला कपडे चढवले गेले.

जाकार्तात मेंतेंग पुलो इथे दोन युद्धस्मशाने लागून आहेत. एक डचांचे, पांढऱ्या क्रुसांच्या रांगांचे. दुसरे राष्ट्रकुलाचे. त्या दुसऱ्यात १९४५-४६मध्ये जावात पडलेल्या हिंदी सैनिकांच्या कबरी आहेत, नाव, क्रमांक, रेजिमेंट आणि तारीख कोरलेल्या.